अठरा वाटा

किंग्ज क्रॉसहून वॉटर्लूला जायचं असेल तर लंडनच्या भुयारी रेल्वेत थेट गाडी मिळत नाही. मधे कुठेतरी उतरून बदलावी लागते. ऑक्सफर्ड सर्कसला उतरून बेकरलू लाइन धरायची, की ग्रीन पार्कला उतरून ज्युबिली, की आणखी कुठे, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

२०१६ पर्यंत रेल्वेला या प्रवाशाची फक्त दोन टोकं माहीत असत. २००३ पासून वापरात असलेलं ऑइस्टर कार्ड त्याने किंग्ज क्रॉसच्या फाटकावर टेकवलं, त्याची वेळ नोंदली गेली. वॉटर्लूच्या फाटकावर पुन्हा टेकवलं, तीही वेळ नोंदली गेली. मधला सगळा वेळ तो जमिनीच्या पोटात होता. कुठल्या जिन्याने उतरला, कुठल्या फलाटावर थांबला, गर्दी पाहून एखादी गाडी सोडून दिली का, हे फाटकाला कळायला मार्ग नाही.

नोव्हेंबर २०१६ मध्ये लंडनची वाहतूक सांभाळणाऱ्या ‘ट्रान्सपोर्ट फॉर लंडन’ या संस्थेने चार आठवडे या अंधारात डोकावून पाहायचं ठरवलं. स्थानकांत वाय-फाय आधीपासून होतंच. खिशातल्या फोनचं वाय-फाय चालू असलं की तो आजूबाजूच्या यंत्रांना सारखी साद घालत राहतो, आपण त्या वाय-फायला जोडलेले नसलो तरीही. तेव्हा बऱ्याच फोनांच्या अशा हाकेबरोबर त्यांचा स्वतःचा एक क्रमांक जात असे. संस्थेने ५४ स्थानकांत या हाका टिपून घेतल्या. २१ नोव्हेंबर ते १९ डिसेंबर या काळात ५६ लाख उपकरणांच्या ५० कोटी ९० लाख नोंदी जमल्या आणि त्यांतून सुमारे ४ कोटी २० लाख प्रवास उलगडले.

किंग्ज क्रॉस ते वॉटर्लू जाणारी माणसं निदान १८ वेगवेगळ्या वाटांनी जातात, असं त्यात दिसलं. सर्वांत वहिवाटीच्या दोन वाटा सोडून तिसऱ्याच वाटेने जाणारे सुमारे ४० टक्के निघाले.

हे वाचल्यावर मी नकाशा समोर घेऊन त्या वाटा मोजायचा प्रयत्न केला. सातआठ सापडल्या आणि पुढे अडलो. एकाच दारातून आत जाणारी, एकाच दारातून बाहेर पडणारी माणसं मधल्या त्या थोड्या वेळात इतकी पांगतात, आणि वर रस्त्यावर याचा पत्ताही नसतो. शिवाय यातला प्रत्येक जण बहुधा मनाशी धरून चालला असेल की आपण जातो तोच सरळ रस्ता.

व्यापाराच्या जगात ‘कस्टमर जर्नी’ हा शब्द आता रोजचा झाला आहे. ग्राहकाला एखादी वस्तू पहिल्यांदा दिसली तिथपासून ती त्याच्या घरात पोचेपर्यंत, आणि पुढेही, तो कुठून कुठे गेला, कुठे थबकला, कुठून मागे फिरला, त्या सगळ्या फिरण्याला हा शब्द. आणि त्याने मागे ठेवलेल्या खुणांवरून ती वाट जुळवण्याच्या कामाला ‘बिहेविअरल अ‍ॅनॅलिटिक्स’ म्हणतात. मराठीत याला फार जुनं, नेमकं क्रियापद आहे: माग काढणं. ज्याचा माग काढायचा त्याला काही विचारत नाहीत, जमिनीला विचारतात. मला या विद्येचं सर्वांत मोठं नवल हेच वाटतं, की त्या जमिनीकडे आपल्याबद्दलची अशी माहिती असते जी आपल्याकडेही नसते.

दुकानदाराला ही माहिती एके काळी आपसूक मिळत होती. आपल्याकडच्या किराणा दुकानात आजही मिळते. गिऱ्हाईक तूरडाळीचा भाव विचारतं, जरा गप्प होतं, मग मसूर अर्धा किलो द्या म्हणतं. तो गप्प राहण्याचा क्षण वाण्याने पाहिलेला असतो. पुढच्या खेपेला तो स्वतःहून सांगतो, काकू, तूरडाळ उतरली बरं का. ग्राहकाचा सगळा प्रवास गल्ल्यासमोर, त्याच्या डोळ्यांदेखत होतो.

६ सप्टेंबर १९१६ रोजी अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात क्लॅरेन्स साँडर्स यांनी ‘पिगली विगली’ नावाचं दुकान उघडलं आणि हा गल्ला मधून काढून टाकला. ग्राहकाने फिरत्या फाटकातून आत यायचं, टोपली घ्यायची, फडताळांमधून वळणावळणाने जाणाऱ्या एकाच वाटेने सगळं दुकान पालथं घालत शेवटी पैसे घेणाऱ्यापाशी पोचायचं. या मांडणीचं त्यांनी १९१७ मध्ये पेटंटही घेतलं. ग्राहकाला मोकळीक मिळाली. दुकानदाराचं मात्र एक गेलं: तो थबकण्याचा क्षण. तो आता कुठल्यातरी फडताळाआड, कुणाच्याही नजरेबाहेर घडू लागला.

पुढची बरीच दशकं दुकानांनी प्रवासाचा शेवटच अधिकाधिक बारकाईने टिपायला शिकून घेतलं. २६ जून १९७४ च्या सकाळी ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी, मार्श सुपरमार्केटमध्ये ‘ज्यूसी फ्रूट’ च्युइंगमचं एक पाकीट काचेवरून सरकवलं गेलं. बारकोड वाचून झालेली ती पहिली विक्री, किंमत ६७ सेंट. त्या दिवसापासून दुकानाला कोणती वस्तू किती वाजता विकली गेली हे अचूक कळू लागलं. उचलून परत ठेवलेल्या पाकिटाची पावती मात्र कुठलंच यंत्र छापत नव्हतं.

त्या परत ठेवलेल्या पाकिटाचा शोध पहिल्यांदा बाजारात लागला नाही. तो लागला न्यूयॉर्कच्या चौकांत. विल्यम व्हाइट नावाचे एक जिज्ञासू गृहस्थ सत्तरच्या दशकात इमारतींच्या वरच्या मजल्यांवर कॅमेरे लावून बसले. सीग्रॅम इमारतीसमोरचं मोकळं पटांगण, रस्त्यांचे कोपरे, दुकानांची दारं. कॅमेरा थोड्या थोड्या अंतराने एक चित्र टिपायचा, मग ती चित्रं भराभर पळवून पाहायची. दिवसभराची वर्दळ काही मिनिटांत डोळ्यांपुढून जायची आणि नुसत्या डोळ्यांना कधीच न दिसलेलं काही त्यात दिसायचं.

माणसं विचारल्यावर सांगत की आम्हाला गर्दीपासून दूर, निवांत जागा आवडते. चित्रफितीत तीच माणसं सर्वांत गजबजलेल्या कोपऱ्यावर, लोकांच्या लोंढ्याच्या ऐन मध्यावर उभी राहून गप्पा मारताना दिसली. ओळखीचं कुणी भेटलं तर ती बाजूला सरकत नसत. तिथेच उभी राहत, आणि लोंढा त्यांना वळसा घालून जाई. माणूस माणसाकडे ओढला जातो, आणि आपण असे ओढले जातो याची त्याला कल्पना नसते. व्हाइट यांच्या एका निरीक्षणावर माझा विशेष जीव आहे. हलवता येणारी खुर्ची मिळाली की माणूस बसण्याआधी ती इंच दोन इंच सरकवतो. ऊन तेच, सावली तीच, तोंडही त्याच बाजूला. तरी सरकवतो, मग बसतो. ती चिमूटभर हालचाल करून माणूस त्या जागेला आपली म्हणत असतो, असं मला वाटतं. कुठल्याही प्रश्नावलीत हे उत्तर सापडलं नसतं, कारण तो प्रश्न विचारण्याचं कुणाला सुचलंच नसतं.

याच परंपरेत तयार झालेले पॅको अंडरहिल हीच नजर घेऊन दुकानांत शिरले. ब्लूमिंगडेल्स या न्यूयॉर्कच्या मोठ्या दुकानात दाराजवळच्या मुख्य वाटेवर नेकटायचं एक स्टँड होतं. कॅमेऱ्यात दिसलं की लोक थांबतात, टाय हातात घेतात, मागून येणाऱ्याजाणाऱ्याचा एखाददुसरा ओझरता धक्का बसतो, आणि टाय ठेवून निघून जातात. धक्का लागला म्हणून गेलो, असं त्यातलं कुणी म्हटलं नसतं. त्यांना वाटलं असतं की टाय मनाजोगा नव्हता. स्टँड वाटेपासून जरा आत सरकवलं आणि टायची विक्री चांगलीच वाढली. अंडरहिल यांचं ‘व्हाय वी बाय’ हे पुस्तक १९९९ मध्ये आलं तेव्हा जगभरच्या दुकानदारांनी हा प्रसंग पाठ केला.

पण खुणा सगळीकडे एकच भाषा बोलत नाहीत, हे मुंबईतल्या किशोर बियाणींना दिसलं. त्यांच्या बिग बझार दुकानांच्या सुरुवातीच्या काळात प्रशस्त, नीटनेटक्या रांगांमधून ग्राहक सरळ चालत जायचे आणि काही न घेता दुसऱ्या टोकाने बाहेर पडायचे. बियाणींनी दुकानं मुद्दाम दाटीची केली, वाटा अरुंद केल्या, मालाचे ढीग रचले. न्यूयॉर्कच्या ग्राहकाला ज्या खेटण्याने पळवून लावलं, तेच खेटणं इथल्या ग्राहकाला मंडईत आल्यासारखं, ओळखीचं वाटलं. ढिगातून निवडून घेतलं की चांगलं मिळतं, ही आपल्या हातांची सवय आहे. माग काढणाऱ्याला त्या मुलखाची माती ठाऊक असावी लागते.

कॅमेरे आणि टिपणवह्या घेऊन किती माणसांच्या मागे फिरणार? २००० नंतर अमेरिकेतल्या एका सुपरमार्केटमध्ये सामानाच्या ढकलगाड्यांनाच रेडिओ लहरींवर चालणारी छोटी बिल्लेवजा यंत्रं लावली गेली. गाडी कुठे आहे, हे दर काही सेकंदांनी नोंदलं जाऊ लागलं. लार्सन, ब्रॅडलो आणि फेडर या तीन संशोधकांनी ती माहिती घेऊन २००५ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. सर्वांचा समज असा होता की ग्राहक एका रांगेतून वर जातो, पुढच्या रांगेतून खाली येतो, नांगर चालावा तसा. प्रत्यक्षात असं चालणारे फार थोडे. बहुतेक जण दुकानाच्या कडेकडेने फिरतात, एखाद्या रांगेत चार पावलं शिरतात, हवं ते उचलतात आणि आल्या पावली परततात. रांगेचा मधला भाग कित्येकांना कधी दिसतच नाही. फिरण्याच्या सगळ्या तऱ्हा मिळून त्यांना १४ नमुने सापडले. हजारो माणसं, प्रत्येकाची यादी वेगळी, घर वेगळं, आणि पावलांच्या तऱ्हा मात्र १४.

पुढे सॅम ह्यूई यांच्यासह ब्रॅडलो आणि फेडर यांनी आणखी खोलात पाहिलं. समोर गर्दीची जागा दिसली की ढकलगाडी तिकडे वळते. पण तिथे पोचल्यावर हात मात्र फडताळाकडे कमी जातो. व्हाइट यांच्या चौकातला माणूस आणि अंडरहिल यांच्या टायच्या स्टँडपाशी धक्का लागलेला माणूस इथे एकाच गाडीमागे चालताना दिसतात: लोकांकडे ओढलाही जाणारा आणि लोकांमुळे संकोचणाराही. आणखी एक गंमत त्यांना दिसली. भाजीपाल्यासारखं काही शहाणपणाचं घेऊन झालं की ग्राहक खाऊच्या फडताळाकडे वळण्याची शक्यता वाढते. पालक घेतला आहे, आता बिस्किटांना हरकत नाही, असा मनातला तोंडी करार. तो करार कुणी मोठ्याने बोलत नाही, तरी जमिनीवर उमटतो.

या गोष्टी संगणकाच्या पडद्यावर कशा उमटतात, हे तर मला आजही पुरतं पचलेलं नाही. इंटरनेटवर पानं पोचवणारी मूळ पद्धत अत्यंत विसराळू आहे. तुम्ही एक पान मागितलं, तिने दिलं, आणि त्याच क्षणी तुम्हाला विसरली. दुसरं पान मागाल तर तिच्या लेखी तुम्ही नवे. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली या तरुण प्रोग्रॅमरने यावर तोड काढली. देवळाबाहेर चपला ठेवल्या की हातात बिल्ला मिळतो. बिल्ल्यावर नाव नसतं, गाव नसतं, नुसता क्रमांक; तरी परत आल्यावर चपला बिनचूक मिळतात. माँटुलींनी ब्राउझरच्या हाती असाच एक बिल्ला दिला. पुढच्या वेळी पान मागताना ब्राउझर तो बिल्ला दाखवतो. त्याचं नाव कुकी.

बिल्ला आला आणि वाट जुळवता येऊ लागली. प्रत्येक हालचालीची एक ओळ: बिल्ल्याचा क्रमांक, वेळ, आणि काय केलं. पान उघडलं. खाली सरकवलं. फोटो मोठा केला. परतीचे नियम वाचले. वस्तू कार्टमध्ये टाकली. काढली. पुन्हा टाकली. अशा कोट्यवधी ओळी एकमेकांत मिसळून येतात. एकाच बिल्ल्याच्या ओळी वेगळ्या करून वेळेप्रमाणे लावल्या की त्या गोंधळातून एक माणूस उठून चालू लागतो. मला ही क्रिया फार सुंदर वाटते. साधी वेळेप्रमाणे लावलेली यादी, आणि तिच्यात साँडर्स यांच्या दुकानात हरवलेला तो थबकण्याचा क्षण परत आलेला असतो: दोन ओळींमधल्या वेळेच्या अंतरात.

वाट वाचता आली की काय होतं याचा जेरेड स्पूल यांनी २००९ मध्ये सांगितलेला अनुभव या क्षेत्रात सर्वांना माहीत आहे. एका मोठ्या ऑनलाइन दुकानाचं नाव न घेता त्यांनी तो लिहिला. खरेदी संपवताना, पैसे भरण्याआधी, एक छोटा फॉर्म यायचा: ईमेल, पासवर्ड, ‘लॉगिन’ आणि ‘रजिस्टर’ अशी दोन बटणं. दुकानाला वाटत होतं, ही ग्राहकाची सोय आहे. नवे ग्राहक त्या फॉर्मपाशी बिचकत होते. आम्ही इथे नातं जोडायला आलो नाही, वस्तू घ्यायला आलो आहोत, अशी त्यांची भावना. जुन्यांचे हाल वेगळेच. आपण कुठल्या ईमेलने नोंदणी केली होती हेच आठवत नव्हतं. नोंदी तपासल्या तर ४५ टक्के ग्राहकांची एकाहून अधिक खाती निघाली, काहींची तर दहा. विसरलेल्या पासवर्डसाठी रोज सुमारे १ लाख ६० हजार विनंत्या येत होत्या आणि त्यांतले ७५ टक्के लोक पुढे खरेदी पूर्ण करतच नव्हते. ‘रजिस्टर’ काढून तिथे ‘पुढे चला’ असं बटण ठेवलं, खातं उघडायची गरज नाही अशी एक ओळ लिहिली. खरेदी पूर्ण करणारे ४५ टक्क्यांनी वाढले, आणि पहिल्या वर्षातली वाढीव विक्री ३० कोटी डॉलरची.

हा प्रसंग सांगताना लोक ३० कोटींपाशी थांबतात. मला ती १ लाख ६० हजार माणसं दिसतात. वस्तू निवडून झालेली, हाताशी आलेली, आणि रोज तितकेच जण त्या दाराशी खिसे चाचपत उभे. त्यांनी तक्रार केली नाही. त्यांतले बहुतेक चुपचाप निघून गेले, स्वतःच्याच विसरभोळेपणाला दोष देत. दोष त्यांचा नव्हता, हे त्यांच्या वाटा एकत्र ठेवल्यावरच कळलं.

याच प्रसंगात या विद्येची मर्यादाही आहे. पासवर्डपाशी किती माणसं अडतात हे नोंदींनी सांगितलं. नवे का बिचकतात, हे स्पूल यांच्या सहकाऱ्यांना ग्राहकांच्या शेजारी बसून, त्यांना खरेदी करताना पाहून आणि ऐकून समजलं. माग काढणाऱ्याला पाऊल दिसतं, मन दिसत नाही. एखाद्या पानावर चार मिनिटं रेंगाळलेला माणूस रंगून गेला होता की गोंधळला होता? नोंद दोघांची सारखीच. ऑनलाइन कार्ट भरून तशीच सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्के असल्याचं कोपनहेगनची बेमार्ड इन्स्टिट्यूट अनेक पाहण्यांच्या सरासरीवरून सांगते. सामानाने भरलेली गाडी दुकानात मधेच टाकून दहांतले सात जण निघून गेले तर आपण आग लागली असं समजू. पडद्यावर मात्र कार्ट म्हणजे कधी आठवणीची वही असते, कधी पगार झाल्यावर घ्यायच्या वस्तूंची यादी, कधी नुसतं मन रमवणं. एकच शब्द, एकच चित्र, पण वागणं सर्वस्वी निराळं.

आणि एक भीतीही आहे, ती दडवून ठेवण्यात अर्थ नाही. लंडनच्या प्रयोगात फोनचे क्रमांक जसेच्या तसे ठेवले नव्हते. गणिती प्रक्रियेने ते दळून टाकले होते: गव्हाचं पीठ होतं, पिठाचा पुन्हा गहू होत नाही, तशी ही प्रक्रिया. कुणी ओळखीचे क्रमांक त्याच जात्यातून काढून पिठाशी पीठ ताडून पाहू नये म्हणून आत आणखी एक गुप्त घटक मिसळतात. संगणकवाले त्याला ‘सॉल्ट’ म्हणतात, म्हणजे मीठच. स्थानकांवर पाट्या लावून प्रवाशांना कळवलं होतं, नको असेल त्याने वाय-फाय बंद ठेवावं. इतकी काळजी आवश्यकच आहे, कारण नाव पुसलं तरी वाट पुसली जात नाही. २०१३ मध्ये इव्ह-अलेक्झांडर द माँजोय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ लाख लोकांच्या १५ महिन्यांतल्या मोबाइल नोंदी तपासल्या. नावं नव्हती, फक्त जागा आणि वेळ. एखाद्याच्या फिरण्यातले असे चार ठिपके माहीत असले की ९५ टक्के वेळा तो त्या १५ लाखांत एकटा, वेगळा ओळखू यायचा.

केवळ चार ठिपके. सकाळी या स्थानकावर, दुपारी त्या चौकात, संध्याकाळी इथे, रात्री तिथे. आपलं चालणं इतकं आपलं असतं. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवलं आणि २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, तेव्हा रक्षण कशाचं करायचं आहे हे मला या चार ठिपक्यांवरून नीट उमगलं. वाण्याने तुमचं थबकणं पाहिलं तेव्हा तुम्हीही त्याला पाहत होतात. पडद्यामागून पाहणाऱ्यावर त्यामुळेच अधिक मोठी जबाबदारी येते, आणि ती त्याने कायद्याच्या धाकाशिवायही मानली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

वाटा जमल्या, आता त्यांच्यातून अर्थ कसा काढायचा? यासाठी वापरलं जाणारं एक गणित दुकानात जन्मलंच नाही. ते पहिल्यांदा वापरून पाहिलं गेलं कवितेवर. १९१३ च्या जानेवारीत सेंट पीटर्सबर्गमध्ये आंद्रेई मार्कोव्ह या गणितज्ञाने पुश्किनच्या ‘येव्गेनी ओनेगिन’ या काव्य-कादंबरीची पहिली २०,००० अक्षरं घेऊन केलेला हिशेब मांडला. अर्थ बाजूला ठेवला, यमकं बाजूला ठेवली. फक्त स्वर की व्यंजन, एवढंच हाताने मोजलं. स्वर निघाले ८,६३८, म्हणजे १०० अक्षरांत सुमारे ४३. पण आधीचं अक्षर व्यंजन असेल तर पुढे स्वर येण्याची शक्यता १०० त ६६, आणि आधीचं अक्षर स्वर असेल तर १०० त जेमतेम १३. आत्ता कुठे उभे आहोत यावरून पुढचं पाऊल कुठे पडेल याचा अंदाज बांधता येतो, हे त्याने कवितेवर दाखवलं.

अक्षरांच्या जागी पानं ठेवा, किंवा जाहिरात, दुकान, फोन, पावती या पायऱ्या. शोधातून वस्तूच्या पानावर किती जण येतात, तिथून परतीच्या नियमांकडे किती, तिथून कार्टकडे किती, आणि दाराबाहेर किती. ‘मार्कोव्हची साखळी’ म्हणतात ती ही पद्धत इथेही तशीच्या तशी चालते. मग विश्लेषक एक विलक्षण प्रश्न विचारतात: यातली एक पायरी कागदावर पुसून टाकली तर शेवटपर्यंत किती जण पोचतील? जी पुसल्यावर फार जण गळतात ती पायरी महत्त्वाची, मग तिथे प्रत्यक्ष एकही विक्री झालेली नसली तरी. परतीचे नियम सांगणारं रुक्ष पान कधी कधी असं सगळा डोलारा पेलणारं निघतं.

एकदा लंडनमध्ये वाटेतल्या अशा पायऱ्या कागदावर नव्हे, खरोखरच पुसल्या गेल्या. ५ आणि ६ फेब्रुवारी २०१४ रोजी भुयारी रेल्वेच्या कर्मचाऱ्यांचा संप झाला. सगळी रेल्वे बंद पडली नाही. बरीच स्थानकं बंद, काही चालू, अशी अर्धीमुर्धी. वर्षानुवर्षं एकाच वाटेने कामावर जाणाऱ्या हजारो लोकांना दोन दिवस दुसरी वाट शोधावी लागली. शॉन लारकॉम, फर्डिनांड राउख आणि टिम विलेम्स या अर्थशास्त्रज्ञांनी संपाच्या आधीच्या आणि नंतरच्या दिवसांतल्या कार्डांच्या नोंदी शेजारी ठेवल्या. इतकी वर्षं धरलेली वाट आपल्यासाठी सर्वांत चांगली आहे का, असं या प्रवाशांना कुणी विचारलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती. रोजचाच तर रस्ता.

त्यांचा नकाशाही त्यांना तेच सांगत होता. हॅरी बेक या ड्राफ्ट्समनने विजेच्या मंडलाच्या आराखड्यासारखा काढलेला आणि १९३३ मध्ये छापला गेलेला तो प्रसिद्ध नकाशा: सगळ्या रेषा सरळ, सगळी वळणं एकसारखी, स्थानकं समान अंतरावर. डोळ्याला इतका स्वच्छ की त्यातली अंतरं खरी नाहीत हे विसरायला होतं. संशोधकांना दिसलं की ज्या भागांत नकाशाची अंतरं जमिनीवरच्या अंतरांपासून जास्त ढळलेली होती आणि जिथल्या गाड्या हळू चालत, तिथल्या प्रवाशांच्या हाती संपाच्या निमित्ताने नवं काही लागण्याचा संभव अधिक होता. कायमची नवी वाट धरणाऱ्यांचा पुढे दिवसेंदिवस वाचणारा वेळ जमेला धरला, तर त्या दोन दिवसांत साऱ्या शहराचा जो वेळ वाया गेला त्याहून तो जास्त भरतो, असा त्यांचा हिशेब.

शुक्रवारी, ७ फेब्रुवारीला सकाळी सगळी फाटकं पुन्हा उघडली. संप संपला होता, जुना रस्ता जिथल्या तिथे होता. वाट बदलावी लागलेले बहुतेक जण सवयीने त्याच दाराकडे गेले. सुमारे ५ टक्के गेले नाहीत. त्यांनी आपलं कार्ड दोन दिवसांपूर्वी नाइलाजाने सापडलेल्या, दुसऱ्याच स्थानकाच्या फाटकावर टेकवलं, आणि ते आत गेले.